डिस्क हबवरचा फिक्स कॉग: खट्ट आवाज, सैल चेन आणि पुन्हा पुन्हा ढिले होणारे बोल्ट

डिस्क ब्रेक असलेल्या माउंटन बाइकचं मागचं चाक उलटं बसवलं की हबची (चाकाच्या मधल्या भागाची) डिस्कची बाजू उजवीकडे, म्हणजे चेनच्या बाजूला येते. रोटरच्या (ब्रेकच्या चकतीच्या) जागी सहा बोल्टांचा कॉग (मागचं दातेरी चाक) लावला की सायकल फिक्स झाली, म्हणजे चाक फिरतं तोवर पेडलही फिरतंच. काम इतकं सरळ आहे की पहिल्या दिवशी सगळं उत्तम चालतं. तक्रार सुरू होते दोन-तीन आठवड्यांनी, आणि ती जवळजवळ प्रत्येक सायकलवर सारखीच असते. माझ्या दोन सायकलींवर आणि मित्रमंडळींच्या बऱ्याच सायकलींवर मी हा दोष काढला आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: बहुतेक जण थेट कॉगचे बोल्ट आवळायला धावतात, आणि खरा दोष निम्म्या वेळा दुसरीकडेच असतो.

लक्षणं

वेग कमी करायला पेडल रोखलं की ‘खट्ट’ आवाज येतो आणि क्षणभर पाय पोकळीत गेल्यासारखा वाटतो. पुन्हा पुढे जोर लावला की दुसरा खट्ट. हे मुख्य लक्षण. त्याच्या जोडीला यांपैकी एखादं असतंच: चेन एका ठिकाणी तारेसारखी ताठ आणि थोडं फिरवल्यावर लोंबती; खडबडीत उतारावर चेन उतरणं; सतत काहीतरी दळल्यासारखा आवाज; चाकाची उजवी बाजू पुढे ओढली जाऊन टायर डाव्या चेनस्टेला (चाकाशेजारच्या फ्रेमच्या खालच्या नळीला) घासणं. आणि सगळ्यांत त्रासदायक प्रकार म्हणजे बोल्ट आवळल्यावर दोन दिवस शांतता, मग पुन्हा तेच.

साध्या सायकलीवर चेन उतरली तर आपण थांबून ती चढवतो. फिक्सवर उतरलेली चेन कॉग आणि आऱ्यांच्या मधे किंवा फ्रेमपाशी अडकली तर चाक जागच्या जागी जाम होऊ शकतं. नाही अडकली, तर मागून वेग रोखायचं साधन गेलं. त्यात या रचनेत मागचा डिस्क ब्रेक आधीच काढलेला असतो, कारण रोटरची जागा कॉगने घेतली आहे. म्हणून पुढचा ब्रेक शाबूत असल्याशिवाय, आणि फ्रेमवर सोय असेल तर मागचा रिम ब्रेकही लावल्याशिवाय, खालची कुठलीही चाचणी रस्त्यावर करू नका.

दुसरी सूचना मी प्रत्येकाला ओरडून सांगतो. चाक फिरत असताना चेनला बोट किंवा फडकं लावायचं नाही. फ्रीव्हील असलेल्या (पेडल थांबलं तरी चाक फिरत राहणाऱ्या) सायकलीवर बोट अडकलं तर चेन थांबते. फिक्सवर फिरत्या चाकाचा सगळा जोर चेनमागे असतो आणि बोट सरळ दातांत ओढलं जातं. चेन पुसायची तर चाक थांबवून, एकेक वीत.

पाना उचलण्याआधी

सायकल स्टँडवर किंवा उलटी ठेवा. क्रँकवर (पेडल जोडलेल्या हातावर) एक चिकटपट्टी लावा, टायरवर खडूची एक खूण करा. चाक अगदी हळू फिरवत चेन कुठे ताठ होते ते बघा. ताठपणा क्रँकच्या प्रत्येक फेरीत एकदा, क्रँक त्याच जागी असताना येत असेल, तर दोष पुढे आहे: चेनरिंग (क्रँकवरचं पुढचं दातेरी चाक), तिचे बोल्ट किंवा क्रँक. चाकाच्या प्रत्येक फेरीत खडूची खूण त्याच जागी असताना येत असेल, तर कॉग नीट मध्यावर बसलेला नाही. दोन्हींशी मेळ नसेल आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर एखादाच धक्का येत असेल, तर चेनचा एखादा सांधा आखडला आहे. या दहा मिनिटांत अर्धं निदान होतं, आणि खर्च शून्य. एक सावधगिरी: ३२ आणि १६ दातांसारख्या जोडीत क्रँकच्या एका फेरीत चाक बरोबर दोन वेळा फिरतं, त्यामुळे दोन्ही खुणा एकदमच जुळतात आणि गोंधळ होतो. तेव्हा चेन काढून कॉगवर एक दात पुढे सरकवून परत लावा आणि पुन्हा बघा. ताठपणा क्रँकसोबत राहिला की चाकासोबत गेला, ते लगेच दिसेल.

आता खट्टचा माग. एका हाताने मागचं चाक घट्ट धरा, दुसऱ्याने पेडल पुढे-मागे हलवा. चाक न हलता पेडल किती मोकळं हलतं? ही मोकळीक कुठून येते ते डोळ्यांनी शोधायचं आहे, त्यामुळे शक्य तर पेडल हलवायला दुसरा माणूस घ्या आणि तुम्ही क्रमाने बघा: पेडलचा दांडा, क्रँकचा सांधा, चेनरिंगचे बोल्ट, कॉग. क्रँक आपल्या एक्सलवर ढिला असेल तर आवाज हुबेहूब मागून आल्यासारखा वाटतो, कारण फ्रेमच्या नळ्या तो वाहून नेतात. एका मित्राच्या सायकलीवर कॉगचे बोल्ट तीनदा काढून घातल्यावर दोष डाव्या क्रँकच्या बोल्टमध्ये सापडला होता. तेव्हापासून क्रँकचा बोल्ट मी सगळ्यांत आधी तपासतो. आवळायला एक मिनिट लागतो. ढिल्या क्रँकने चालवत राहिलात तर मात्र क्रँकचं भोक आतून खराब होतं आणि क्रँकच बदलावा लागतो.

चाक जागेवर आहे का?

तुमच्या फ्रेमची मागची खाच (जिच्यात चाकाचा एक्सल, म्हणजे मधला दांडा बसतो) आडवी असेल किंवा मागे उघडणारी असेल, तर सैल चेनचं पहिलं कारण म्हणजे चाक पुढे सरकणं. एक्सलच्या नटपाशी फ्रेमवर पेनाने रेघ मारा, एक फेरफटका मारून या आणि रेघ बघा. सरकलं असेल तर नट आणि फ्रेम यांच्या मधला रंग, ग्रीस आणि धूळ साफ करा. क्विक रिलीज (हाताने उघडायचा लिव्हरचा दांडा) वापरत असाल तर बाहेर उघडा कॅम असलेल्या हलक्या दांड्यापेक्षा कॅम आत झाकलेला स्टीलचा दांडा जास्त घट्ट धरतो. शक्य असेल तर नटवाला एक्सल घ्या आणि उजव्या बाजूला चेन ताणणारा टग लावा.

खाच उभी असेल तर चाक सरकूच शकत नाही. मग सैलपणा फक्त झिजेतून किंवा गोलाई चुकल्यामुळे येतो, त्यामुळे हा भाग सोडून पुढे जा.

चेन किती ताणायची? सगळ्यांत ताठ जागी, चेनच्या खालच्या धावेच्या (चेनरिंग ते कॉग एवढ्या भागाच्या) मध्यावर, वर-खाली मिळून साधारण १० ते १२ मिमी हालचाल असावी. अजिबात न हलणारी चेन ‘छान घट्ट’ नसते. ती हबचे आणि खालच्या ब्रॅकेटचे (ज्यात क्रँकचा दांडा फिरतो त्याचे) बेअरिंग खाते आणि दळल्याचा आवाज करते. १२ मिमी हालचालीमुळे पेडलला जाणवेल एवढा खट्ट येत नाही. तो येत असेल तर कारण दुसरं आहे.

कॉगचे बोल्ट: मुख्य मुक्काम

इथे जरा थांबून यंत्रणा समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं. सहा बोल्टांच्या डिस्क हबवर बोल्टांचं वर्तुळ ४४ मिमी व्यासाचं असतं आणि बोल्ट एम-५ मापाचे, बहुधा टी-२५ टॉर्क्सच्या डोक्याचे. ८० किलोचा माणूस १७५ मिमीच्या क्रँकवर पूर्ण वजनाने उभा राहिला, पुढे ३२ आणि मागे १६ दात असले, तर हबवर साधारण ६८ न्यूटन-मीटर पिळ येतो. सहा बोल्टांच्या वर्तुळावर तो वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला ५०० न्यूटनपेक्षा थोडा जास्त जोर. डिस्क ब्रेकसाठी बनवलेल्या हबला हा भार परका नाही. उलट, चाक फिरवून लावल्यावर पुढे पेडल मारताना हबवर येणारा पिळ नेमका त्याच दिशेचा असतो ज्या दिशेने आधी ब्रेक ओढत होता. म्हणजे पुढच्या जोरासाठी हब तयारच आहे.

नवं आहे ते उलटं रोखणं. ब्रेक हबला जवळजवळ नेहमी एकाच दिशेने ओढतो. फिक्सवर दिशा सतत बदलते. हा भार बोल्टच्या दांड्यांनी पेलायचा नसतो. कॉग आणि हब यांचे सपाट चेहरे एकमेकांवर दाबले गेले की त्यांच्यातलं घर्षण तो पेलतं. बोल्ट फक्त दाबून धरतात. दाब कमी पडला की कॉग बोल्टांच्या भोकांतल्या मोकळिकीत पुढे-मागे घासायला लागतो, आणि ते घासणंच बोल्ट सोडवतं. कॉग बोल्टपाशी फक्त अर्धा मिमी सरकला तरी वरच्या मापांत पेडलवर तो २ मिमी होऊन येतो. तुमचा खट्ट तो हाच.

म्हणून नुसतं आवळून भागत नाही. मी या क्रमाने जातो.

पहिल्यांदा खूण. बोल्टच्या डोक्यावरून कॉगवर जाणारी रंगाची बारीक रेघ मारा, आणि कॉगवरून हबवर जाणारी दुसरी. पुढच्या फेरीनंतर पहिली रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला. दुसरी तुटली तर बोल्ट जागच्या जागी आणि कॉग सरकला. हे दोन वेगळे आजार आहेत.

बोल्ट फिरत असेल तर सगळे काढा. आटे स्वच्छ करा, तेलाचा अंशही नको. मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा (जास्त ताकदीचं नको, पुढे बोल्ट काढताना त्याचं डोकं खराब होतं). आधी सगळे हाताने टेकवा, मग समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडा थोडा करत, टॉर्क पान्याने आवळा. हब बनवणाऱ्याने रोटर-बोल्टसाठी दिलेला आकडा पाळा. तो बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. ‘फिक्स आहे म्हणून जरा जास्त’ हा मोह टाळा, कारण हबचं अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं आणि आटे एकदा निघाले की गोष्ट संपली. थ्रेडलॉकला पूर्ण सुकायला एक दिवस द्या. मग ५० किलोमीटरनंतर खुणा बघा.

कॉग सरकत असेल, किंवा बोल्ट वरचं सगळं करूनही फिरले, तर चेहरे तपासा. कॉग काढून हबच्या चेहऱ्यावर बोट फिरवा. रंग, सुकलेलं थ्रेडलॉक, रोटरखाली राहिलेली जुनी पातळ चकती, भोकाच्या कडेला उठलेली धार, यांतलं काहीही सापडलं तर कॉग पूर्ण टेकत नाही. रंगाचा थर सुरुवातीला घट्ट वाटतो आणि काही दिवसांत दबून पातळ होतो, तेवढाच बोल्टचा ताण उतरतो. ‘आवळल्यावर दोन दिवस शांतता’ यामागे मला सगळ्यांत जास्त वेळा हेच सापडलं आहे. रंग खरवडा, धार बारीक कानसीने सपाट करा, सपाट काचेवर कॉग ठेवून डुगडुगतो का बघा.

मग बोल्टची लांबी. रोटर सुमारे १.८ ते २ मिमी जाड असतो. कॉगची पट्टी त्याहून जाड असते. म्हणून रोटरचे जुने बोल्ट वापरले तर आट्यांत कमी जातात, आणि घाईने आणलेले लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतात. तळाला टेकलेला बोल्ट पान्याला घट्ट लागतो, पण कॉगला दाबतच नाही. तपासायची पद्धत: कॉगशिवाय, फक्त बोटांनी, बोल्ट हबमध्ये तळाला टेकेपर्यंत फिरवा आणि डोक्याखाली किती जागा उरली ते मोजा. ती कॉगच्या जाडीपेक्षा निदान १ मिमीने कमी असली पाहिजे. जास्त असेल तर बोल्ट लांब आहे. आत जाणारे आटे ७ ते ८ मिमी मिळाले तर मी समाधानी असतो.

कॉग लहान असेल तर आणखी एक गोष्ट बघा. १५ दातांच्या कॉगवर चेनच्या पट्ट्या बोल्टांच्या डोक्यांच्या अगदी जवळून जातात. मोठ्या डोक्याचे बोल्ट किंवा वॉशर लावले तर चेन त्यांच्यावर चढते आणि ठरावीक ठेक्यात टकटक ऐकू येते. १६ पासून पुढे हा प्रश्न उरत नाही.

सेंटर लॉक हबला (ज्यावर रोटर बोल्टांऐवजी एका रिंगने बसतो) सहा बोल्टांचं अ‍ॅडॉप्टर लावून त्यावर कॉग बसवता येतो का, असं नेहमी विचारलं जातं. बसतो. पण दिशा बदलणाऱ्या भारात आणखी एक सांधा मधे येतो आणि त्यालाही आपली मोकळीक असते. मी तसं करून देत नाही.

चेन आणि चेनरिंग

चेन मोजा. २४ सांधे नवीन असताना ३०४.८ मिमी भरतात, ३०६.४ च्या आसपास गेले म्हणजे अर्धा टक्का झीज झाली, आणि फिक्सवर मी तिथेच चेन बदलतो. सुमारे १०० सांध्यांच्या चेनमध्ये अर्धा टक्का म्हणजे ६ मिमीहून थोडी जास्त लांबी. आडव्या खाचेत चाक ३ मिमी मागे घेतलं की भागलं. उभ्या खाचेत तेवढीच चेन उतरायला पुरते.

डिरेलरसाठी (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या यंत्रणेसाठी) बनवलेली चेनरिंग अजून लावलेली असेल तर बदला. तिचे काही दात मुद्दाम बुटके असतात आणि बाजूला उतार असतात, जेणेकरून चेन सहज उतरावी. आपल्याला नेमकं उलट हवं: सगळे दात उंच आणि सारखे. आतल्या-बाहेरच्या पट्ट्यांप्रमाणे आलटून-पालटून अरुंद-रुंद दात असलेली चेनरिंग चेन छान धरते, पण चेनमध्ये एकच हाफ लिंक (एका सांध्याएवढीच लांबी वाढवणारा तुकडा) टाकली की सांध्यांची संख्या विषम होते, आणि चेनच्या पुढच्या फेरीत रुंद दातासमोर अरुंद सांधा येतो. ती जोडी चालत नाही. हे माहीत नसल्यामुळे एकाने दोन चेनरिंग बदलून पाहिल्याचं मला आठवतं.

ताठपणा क्रँकसोबत फिरत असेल तर चेनरिंगचे बोल्ट किंचित ढिले करा, सगळ्यांत ताठ जागी थांबून वरच्या चेनला एखाद्या पान्याच्या दांड्याने हलकेच ठोका, बोल्ट थोडे आवळा, फिरवा, पुन्हा ठोका. तीन-चार वेळांत चेनरिंग मध्यावर येते.

चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनचं अंतर, पुढे आणि मागे सारखं हवं): १३५ मिमी हबवर डिस्कचा चेहरा बाहेरच्या टोकापासून सुमारे १५ मिमी आत असतो, म्हणजे मध्यापासून ५२ च्या आसपास, कॉगची जाडी धरून दात ५३ पर्यंत जातात. जुन्या तीन चेनरिंगच्या क्रँकवर मधली जागा ४७–४८ ला आणि बाहेरची त्याहून ७–८ मिमी पुढे असते. म्हणून मी बाहेरची जागा वापरतो आणि उरलेला फरक चेनरिंगखाली पातळ वॉशर देऊन किंवा ब्रॅकेटच्या दांड्याची लांबी बदलून काढतो. १ ते २ मिमी फरक चालतो. ५ मिमी असेल तर दळल्याचा आवाज आणि चेन उतरणं दोन्ही येणारच. कागदावरचे आकडे धरून बसू नका, आपल्या सायकलीवर फुटपट्टी लावून मोजा.

उभी खाच असेल तर

डिरेलर किंवा स्प्रिंगचा टेन्शनर लावून चेन ताणायचा विचार सोडून द्या. उलटं रोखताना चेनची खालची धाव ताणली जाते. ती टेन्शनरला ओढून वाकवते किंवा मोडून चाकात टाकते. योग्य रस्ते तीन: दातांची जुळणी, हाफ लिंक, किंवा एक्सेन्ट्रिक ब्रॅकेट अथवा हब (ज्यात दांडा मध्यापासून बाजूला असतो, फिरवला की पुढे-मागे सरकतो). एक दात वाढवला किंवा कमी केला की चाकाची लागणारी जागा ३.२ मिमी बदलते, हाफ लिंकने ६.३५ मिमी. या दोन आकड्यांत खेळून बहुतेक फ्रेमवर जवळची जुळणी सापडते, पण ती नव्या चेनपुरती. चेन झिजली की पुन्हा सैल. कायमचा उपाय एक्सेन्ट्रिकच.

मागे सस्पेन्शन असलेली फ्रेम असेल तर यातलं काहीच करू नका. बहुतेक अशा फ्रेममध्ये सस्पेन्शन दबलं की ब्रॅकेट आणि एक्सल यांतलं अंतर बदलतं, त्यामुळे ठरावीक लांबीच्या चेनवर ती फिक्स होतच नाही.

हब आणि आरे

हे शेवटी, कारण यात वेळ आणि हत्यारं दोन्ही लागतात. रिम बाजूला हलवून बघा. हबमध्ये खेळ (मोकळीक) असेल तर कोन (बेअरिंगला दाबून धरणारा शंकूसारखा नट) किंवा बेअरिंग बघावं लागेल. डावीकडे गेलेलं रिकामं फ्रीहब (जिथे पूर्वी गिअरची दातेरी चाकं बसत) हलकं खडखडत असेल तर घाबरू नका, ते आता काही काम करत नाही. आऱ्यांच्या जोड्या हाताने दाबून ताण तपासा. डिस्क चाकाचे आरे ओलांडून विणलेले असतात, त्यामुळे ते दोन्ही दिशांचा पिळ पेलतात, पण आधीच सैल असलेले आरे फिक्सवर लवकर आणखी सैल होतात आणि चाक आऊट होतं.

इथे थांबा, कारागिराकडे जा

हबमधल्या सहापैकी एकाही भोकाचे आटे गेले असतील तर ‘पाच पुरेत’ असं म्हणू नका. त्या हबवर फिक्स चालवायचं नाही. आत नवे आटे बसवता येतात, पण ते काम यंत्रावर, सरळ भोक धरणाऱ्या माणसाकडूनच. माझं मत विचाराल तर फिक्ससाठी हब बदलाच. बोल्ट आत मोडला असेल, हबच्या कडेला किंवा कॉगच्या भोकापाशी केसाएवढी चीर दिसत असेल, एकाहून जास्त आरे तुटले असतील, फ्रेमची खाच वाकलेली वाटत असेल, तर सायकल ढकलत न्या, चालवत नाही. आणि चेहरे साफ करून, योग्य लांबीचे बोल्ट, थ्रेडलॉक आणि टॉर्क पाना वापरूनही रंगाची रेघ दुसऱ्यांदा तुटली, तर तिसऱ्यांदा आवळू नका. कॉग काढून हबसकट कारागिराच्या हातात द्या आणि चेहरा सपाट आहे का, ते डायल गेजवर मोजून घ्या.